बुधवारचं कासव

आमच्या म्हात्रेकाकांनी एकदा अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज टाकला होता. कारणाच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "बुधवारी दुपारी तीन ते सहा कासव येते. इतर वारी येत नाही."

आमचे मॅनेजरसाहेब तेव्हा पुण्याहून नुकतेच आले होते. रायगडच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात आणि गावची माणसं त्यांची राखण करतात, एवढं त्यांनी पेपरात वाचलेलं. ते गहिवरले. रजा मंजूर झाली ती झालीच, पण पुढं पर्यावरण दिनाला अख्ख्या कंपनीसमोर "कासव संवर्धनाचं मूक कार्य करणारे आपले ज्येष्ठ ऑपरेटर" म्हणून काकांना शाल, श्रीफळ आणि बकुळीचं एक रोप मिळालं. काकांनी तिन्ही वस्तू हसतमुखानं स्वीकारल्या.

परतीच्या बसमध्ये मी त्यांना छेडलं. "काका, साहेबांना खरं सांगायचंत की."

"काय खरं?" काका बोलले. "कासव हाय का नाय? हाय. मी त्याचं संवर्धन करतो का नाय? करतो. मंग साहेब खोटं काय बोलला?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. कासव होतंच. फक्त ते शेंगदाण्याएवढं होतं आणि एका जुन्या जपानी खेळाच्या मशीनमध्ये राहत होतं.

हरेश्वर म्हात्रे हे धाटावच्या आमच्या केमिकल कंपनीतले रिअ‍ॅक्टर ऑपरेटर. रसायनं शिजतात त्या मोठ्या भांड्यांची राखण त्यांच्याकडं. मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, म्हणजे प्लांटमधली मीटरं आणि गेजं बरोबर दाखवतात की नाही हे बघणारा. दोघंही पेणचे. मी गावात बाजाराजवळ, काका खाडीच्या अंगाला. कंपनीची बस आम्हाला पेणहून उचलते, कासू, नागोठणं करत रोह्याच्या पुढं धाटावला सोडते. सव्वा तासाचा रस्ता. या सव्वा तासात गेली आठ वर्षं मी काकांच्या शेजारी बसलो आहे, त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलायचा अधिकार माझ्याइतका दुसऱ्या कुणाला नाही.

मशीनची हकीकत अशी. काकांचा मेव्हणा बोटीवर होता. त्यानं बावीस वर्षांपूर्वी भाचीसाठी, म्हणजे काकांच्या मुलीसाठी, हातात धरून खेळायचं एक करडं मशीन आणलं. आत एक कॅसेट. रानात हिंडायचं, गवतातून, गुहेतून, तळ्यातून चित्रविचित्र प्राणी शोधायचे, पकडायचे, वाढवायचे, असा खेळ. भाची आठ दिवसांत कंटाळली, कारण सगळं जपानीत होतं आणि कुठं काय करायचं हे कळायला मार्ग नव्हता. काकांनी ते सहज हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं नाही. जपानी काकांनाही येत नव्हतं. पण काका म्हणतात, "रिअ‍ॅक्टरला तरी कुठं मराठी येतं?"

ऑपरेटरचं काम म्हणजे दर तासाला फिरून तापमान, दाब वाचायचा आणि लॉगबुकात लिहायचा. काकांनी तीच शिस्त खेळाला लावली. वही केली, रकाने आखले. वेळ, जागा, प्राण्याचं वर्णन, नग. प्राण्यांची खरी नावं वाचता येईनात म्हणून स्वतः बारसं केलं. एक होता "पिवळा बोका", एक "तांबडी चिमणी", आणि एका गलेलठ्ठ, कायम झोपलेल्या प्राण्याला आमच्या स्टोअरकीपरचं आडनाव दिलेलं होतं, ते मी इथं लिहीत नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. त्या कॅसेटच्या पोटात एक घड्याळ होतं. खेळ बंद असला तरी ते चालायचं. काही प्राणी सकाळीच यायचे, काही तिन्हीसांजेला, काही काळोखात, काही ठरावीक वारालाच. एक पिल्लू तर रोज हाक मारली तरच वाढायचं, आणि तेही पहाटेच. यातलं काहीही कुठं सांगितलेलं नव्हतं. पुस्तिका असेल तर ती योकोहामाच्या धक्क्यावरच राहिली होती.

काकांनी हे सगळं स्वतःच्या डोक्यानं शोधून काढलं. आणि पहिली पाच वर्षं छातीठोकपणे चुकीचं शोधून काढलं.

झालं असं की आमच्या शिफ्टा आठवड्याला बदलतात. फर्स्टला असलं की माणूस संध्याकाळी घरी, सेकंडला असलं की सकाळी घरी, थर्डला असलं की दुपारी. मशीन कंपनीत नेता येत नाही, कारण प्लांटमध्ये बॅटरीवर चालणारी वस्तू चालत नाही. मोबाइलसुद्धा गेटवर जमा करावा लागतो. त्यामुळे काका एका आठवड्यात कायम एकाच वेळेला खेळायचे. फर्स्टच्या आठवड्यात तांबड्या चिमण्या, सेकंडच्या आठवड्यात पिवळे बोके. दर तीन आठवड्यांनी अचूक फिरून तेच. पाच वर्षांची नोंद पुराव्याला. यावरून काकांनी निष्कर्ष काढला की मशीनला त्यांची शिफ्ट कळते.

"निरीक्षण हाय, अंदाज नाय," ते बसमध्ये सांगायचे. हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. "मी फर्स्टला गेलो का चिमण्या. येक आठवडा चुकला नाय. जपानी माणसानं केलंय, त्याला शिफ्टमधला माणूस कळतो."

संध्याकाळी खेळात अंधारून यायचं आणि पडदा काळपट व्हायचा, त्याचा अर्थ काकांनी लावला होता की सेल उतरले. दर फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात ते नवे सेल घालायचे. पडदा काळपटच राहायचा. मग ते दुकानदाराला जाऊन डुप्लिकेट माल विकतो म्हणून सुनवायचे. दुकानदार अजून त्यांना बघून आत जातो.

हा सिद्धांत कोसळला तो मोठ्या शटडाउनला, जो पाचसहा वर्षांतून एकदाच येतो. प्लांट साफसफाईसाठी बंद आणि सगळे पंधरा दिवस जनरल शिफ्टला, नऊ ते सहा. काका निघण्याआधी सकाळी खेळले, पिवळा बोका आला. संध्याकाळी येऊन खेळले, तांबडी चिमणी आली. एकाच दिवसात! दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही म्हणतात. हे माझ्या नोकरीच्या आधीचं, पण जुनी माणसं अजून सांगतात. तिसऱ्या दिवशी त्यांनी बसमध्ये उभं राहून जाहीर केलं, "शिफ्टचा काय संबंध नाय. वेळेचा हाय. पाच वर्षं मी येडा व्हतो." एवढं सांगून ते खाली बसले आणि चेहऱ्यावर अपमानाचा मागमूस नव्हता. चूक इतक्या दिमाखात कबूल करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पण त्यातून नवी अडचण निघाली. प्राणी जर वेळेवर येत असतील, तर आपण प्लांटमध्ये असताना येणाऱ्यांचं काय? काकांनी त्याचीही सोय केली. "सेकंड शिफ्टला माणूस ठेवलाय," असं ते म्हणायचे. आम्ही समजलो, थाप आहे.

मी कंपनीत लागलो तेव्हा मला हे सगळं बघून दया आली. मी फोन काढला, त्या खेळाची माहिती शोधली, आणि पाच मिनिटांत अख्खी यादी त्यांच्यासमोर धरली. कोणता प्राणी, कुठं, किती वाजता, कोणत्या वारी. काकांनी माझा हात बाजूला केला.

"तू रीडिंग न घेता लॉग भरतोस का रे संदेश?"

आता हे कुणालाही झोंबेल. खुर्चीत बसल्या बसल्या मागच्या तासाचे आकडे पुढं ढकलणारे महाभाग प्रत्येक प्लांटमध्ये असतात, आणि त्यांना कुणी जवळ करत नाही. मी फोन खिशात घातला. पुढं एकदा कुणीतरी सुचवलं की खेळातलं घड्याळच पुढं सरकवा, हवा तेव्हा बुधवार येईल. काका त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत.

आणि बुधवारचं ते कासव! ते सापडायचं, पण हातात टिकायचं नाही. पकडलं की सुटायचं आणि पाण्यात जायचं. मग पुढचा बुधवार. बुधवार सेकंड शिफ्टमध्ये आला की काकांची घालमेल सुरू. बाकी लोक बुधवारी घरी कोणती मच्छी असेल यावर बोलायचे, काका घड्याळ बघायचे. तो रजेचा अर्ज त्यातलाच. चारेक वर्षांपूर्वी एके दिवशी ते बसमध्ये पेढ्यांचा पुडा घेऊन चढले. "गावलं," एवढंच बोलले. ड्रायव्हरपासून सगळ्यांना पेढा मिळाला. त्यानंतरही दर बुधवारी दुसरं कासव यायचं, पण काका त्याला पकडत नसत, नुसती हजेरी घेत.

आता हे सगळं वाचून कुणाला वाटेल की माणूस हुकला होता. अजिबात नाही. काकांच्या रिअ‍ॅक्टरवर बावीस वर्षांत एकदाही तापमान हाताबाहेर गेलं नाही. भांड्याच्या आवाजावरून ते आत काय चाललंय ते सांगायचे आणि मग माझं मीटर तेच सांगायचं. मीटर वेगळं सांगत असेल तर मी मीटर दुरुस्त करायचो.

यंदा मार्चअखेर काका रिटायर होणार होते. महिनाभर आधी एका शुक्रवारी ते बसमध्ये चढले आणि खिडकीबाहेर बघत बसले. नागोठणं आलं तरी मान वळली नाही. शेवटी म्हणाले, "संदेश, काल सकाळी कासव आलं."

"मग?"

"काल गुरुवार व्हता."

आठ वर्षांत प्रथमच मी त्यांचा आवाज एवढा बारीक ऐकला. मी फोनवर शोधलं. कॅसेटच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो. घड्याळही त्याच्यावर आणि आठवणही त्याच्यावर. सेल उतरला की घड्याळ मागं पडतं, आणि एक दिवस सगळे प्राणी जातात. मी त्यांना समजावलं की सेल बदलता येईल, पण काढता क्षणी सगळं पुसलं जाईल. म्हणून आधी दुसऱ्या सेलच्या तारा जोडायच्या, मग जुना काढायचा, मग नवा बसवायचा.

"म्हणजे बायपास," काका बोलले. चालू प्लांटमध्ये पंप बदलताना आम्ही तेच करतो. त्यांना धीर आला. "कर तू. तुझा हात चांगला हाय."

हात चांगला आहेच. चालू लाइनवरचे, दाब कळवणारे ट्रान्समीटर मी गप्पा मारत बदलले आहेत. रविवारी सकाळी मी सोल्डरिंग आयर्न घेऊन काकांच्या घरी गेलो.

सुनंदावहिनींना मी तोवर दोनतीनदाच पाहिलं होतं. त्या पेणमधल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होत्या. गुडघ्यांनी सतावलं म्हणून गेल्या दिवाळीत त्यांनी नोकरी सोडली. मुलीचं लग्न होऊन ती गेलेली. घरात दोघंच. वहिनींनी मला पोहे दिले आणि टेबलावर पेपर अंथरून दिला. काका करण्यासारखं काही नसल्यानं खोलीत येरझारा घालत होते.

आयर्न तापेपर्यंत मी शेल्फवरची एक वही उघडली. बसमध्ये काका ज्यांतल्या नोंदी तोंडपाठ सांगायचे त्याच वह्या. इतकी वर्षं मी त्या ऐकल्या होत्या, पाहिल्या कधीच नव्हत्या. आत दोन अक्षरं होती. एक काकांचं, टपोरं. दुसरं बारीक, डावीकडं झुकलेलं.

"सायं. ७.२०. ओढ्याकाठी तांबडी चिमणी, १. कुकर झाला आहे. वालाची उसळ झाकून ठेवली आहे."

खाली काकांचं. "स. ६.४०. काही नाही. उसळ चांगली. मीठ कमी."

त्याखाली, "दु. १.१५. पिवळा बोका, २. मीठ बरोबर होते. तुमची जीभ केमिकलने गेली आहे."

दोघंही शिफ्टमध्ये. काकांची फर्स्ट तेव्हा वहिनींची सेकंड, वहिनींची रात्रपाळी तेव्हा काकांची सकाळ. एक घरात शिरायचं तेव्हा दुसरं पायात चपला घालत असायचं. मशीन शेल्फवर आणि वही त्याच्याखाली. आम्ही शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला चार्ज देतो, काय चालू आहे, काय बंद आहे, कशावर लक्ष ठेवायचं, तसा या नवरा-बायकोनं सतरा वर्षं एकमेकांना चार्ज दिला होता.

"पोरीला ताप. औषध दिले. ४ वाजता परत द्या. घुबड आले नाही."

"दिले. ताप उतरला. घुबड आले."

"आज लग्नाला वीस वर्षे झाली. मी रात्रपाळीला आहे. डब्यात शिरा आहे."

"शिरा खाल्ला. पहाटे पिल्लू मोठे झाले. तू असायला हवी होतीस."

मी पानं उलटत गेलो. चार वर्षांपूर्वीच्या एका बुधवारी बारीक अक्षरात होतं, "४.५०. कासव मिळाले. तुम्हाला फोन करणार होते, पण तुमचा फोन गेटवर असतो." आणि खाली टपोऱ्या अक्षरात फक्त, "वाचले. परत वाचले."

मला एकदम कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं झालं. मी वही मिटली आणि कामाला लागलो.

कॅसेट उघडली. बायपासच्या दोन तारा जोडल्या. काकांनी टॉर्च धरला, वहिनींनी चिमट्यानं तारा. जुन्या सेलचा एक टाका सुटला. दुसरा सुटत नव्हता. मी आयर्न जरा जास्त टेकवलं, धग शेजारच्या टाक्याला लागली आणि बायपासची तार निसटली. पापणी लवते तेवढाच वेळ. मी लगेच ती परत टेकवली. नवा सेल बसवला, टाके दिले, कॅसेट बंद केली, मशीनमध्ये घातली. 

पडद्यावर उजेड आला. एक टोपीवाला मुलगा रिकाम्या वाटेवर उभा होता आणि खाली जपानीत काहीतरी विचारत होता. काकांना जपानी येत नव्हतं, पण हे पान त्यांनी बावीस वर्षांपूर्वी पाहिलं होतं. खेळ पहिल्यापासून सुरू होत होता.

"काका," मी म्हणालो.  मला रडू येत होतं, हे सांगायला लाज कसली?

"तुझा दोष नाय," काका बोलले. मशीन त्यांनी हळूच पेपरवर ठेवलं. वहिनींनी वह्यांचा गठ्ठा त्यांच्यासमोर आणून ठेवला. "हे कुठं पुसलंय कोणी?" त्या म्हणाल्या.

"त्या प्राण्यांचं नाय गो." काकांनी मान वर केली नाही. "एक तारखेपासून मी घरी. तूपण घरी. सकाळ-संध्याकाळ दोघं समोरासमोर. एवढी वर्षं आपण कवा बोललो सांग? जे काय बोललो ते यात लिवलं. मला वाटलेलं, मशीन हाय तवर तुला सांगायला रोज काय ना काय गावंल. आता मी तुला सांगू काय?"

भांड्याच्या आवाजावरून आतलं ओळखणारा माणूस, आणि इतके दिवस ही भीती मनात घेऊन माझ्या शेजारी बसत होता. मला कळलंही नाही. मी उठावं की बसावं, हेही मला कळेना.

वहिनी खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसल्या. दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवून जराशा पुढं झुकल्या.

"पहिल्यापासून सांगा," त्या म्हणाल्या. "पहिला कुठला पकडलात, कसा पकडलात, घरात कोण होतं. मी तेव्हा ड्युटीवर होते. मला काय माहीत?"

काकांनी सवयीनं चष्मा चढवला आणि पहिल्या वहीकडं हात नेला. वहिनींनी त्या वहीवर आपला हात ठेवला.

"वहीत बघून नाय. माझ्याकडं बघून सांगा."

मी आयर्नची पिन काढली आणि चपला घातल्या. कुणी मला थांब म्हटलं नाही. अंगणात गाडीला किक मारताना आतून काकांचा आवाज आला, अडखळत, घसा खाकरत. मग वहिनींचा, "छे, तेव्हा आपण त्या घरात कुठं होतो!" मग परत काकांचा, जरा चढलेला. मी फाटकापाशी पोचलो तोवर दोघं एकाच वेळी बोलत होते.